मुकादमाची शांतता चाचणी

रविवार, १४ सप्टेंबर. सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतल्या यशोधन अपार्टमेंटच्या लिफ्टचं दार दुसऱ्या मजल्यावर उघडलं आणि मुकादम भुंकायला लागला. सात वाजून सदतीस मिनिटांनी तो थांबला. मधल्या सत्तेचाळीस मिनिटांत लिफ्ट नऊ वेळा वर-खाली झाली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अनुजावहिनींनी देवघरातली घंटा एकदा व आमच्या दाराची चार वेळा वाजवली.

मुकादम हा कुत्रा आहे. हे पहिल्याच वाक्यात यायला हवं होतं. तो माझ्या सासऱ्यांचा, सयाजीमामांचा. वय अंदाजे पाच, रंग तांबूस, उजवा कान उभा, डावा पडलेला. कुरुंदवाडच्या मळ्यात ऊसतोड सुरू झाली की तो सरीच्या टोकाला बसून तोडकऱ्यांवर लक्ष ठेवायचा, म्हणून नाव मुकादम. ऑगस्टमध्ये मामा आमच्याकडे राहायला आले, त्यांच्याबरोबर तोही आला.

वेळेबद्दल वाद नाही. सोसायटीचे सचिव प्रसेनजीत कांबळे हे लेखापरीक्षक आहेत आणि त्यांनी घड्याळ लावून नोंद केली. माझ्या नोंदीत सेहेचाळीस मिनिटं होती, पण पहिलं मिनिट मी झोपेत होतो, हे मला मान्य करावं लागलं. 'भुंकला' या शब्दाबद्दल मात्र मामांची हरकत आहे.

"त्यो भुकत नव्हता," मामा म्हणाले. "त्यो इचारत हुता. एवढ्याशा खोलीतनं माणसं येत्यात आनि जात्यात, ही काय भानगड हाय म्हनून."

दोन्ही बाजू देणं माझं काम आहे. मी एका दैनिकात वरिष्ठ उपसंपादक आहे.

अकरा वाजता पार्किंगमध्ये तातडीची बैठक झाली. अध्यक्ष भाऊसो मगदूम यांनी एकतीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत काढली आणि निवृत्त होताना कान तिथंच ठेवून आले. सकाळचं भुंकणं त्यांना ऐकूच आलं नव्हतं. ते त्यांना त्यांच्या मंडळींनी हातवारे करून सांगितलं. तरी तक्रार त्यांच्याच नावानं होती.

"मला ऐकू आलं न्हाय ही गोष्ट येगळी," मगदूम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. त्यांचा साधा आवाज तोच आहे. "आवाज झाला का न्हाय? झाला. मग तक्रार हाय."

मी म्हणालो की सोसायटीला कायद्यानं कुत्र्यावर बंदी घालता येत नाही.

"बंदी कुठं घालतोय?" प्रसेनजीत शांतपणे म्हणाले. "आपण परीक्षा घेतोय. परीक्षेला कायद्याची हरकत नाही."

ठराव असा झाला: दिवाळीच्या पाडव्याला, बुधवार २२ ऑक्टोबर रोजी, सकाळी दहा वाजता, सर्व सभासदांसमक्ष सदर कुत्र्याची शांतता चाचणी घेण्यात येईल. उत्तीर्ण झाल्यास तो राहील. अनुत्तीर्ण झाल्यास मालकाने त्याची इतरत्र सोय करावी. तयारीसाठी अडतीस दिवस. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी असल्यानं त्या दिवशी वाईट काही होणार नाही, असं मगदूम म्हणाले. ते कुणाच्या बाजूनं बोलत होते हे स्पष्ट झालं नाही.

मामांनी ठराव वाचला. चष्मा काढून खिशात ठेवला.

"पावणं, तुमच्यावर राग न्हाय," ते म्हणाले. "पन मुकादम जाईल त्या दिशी मीबी जाईन."

यातली अडचण इतकी गंभीर आहे की तिच्यावर विनोद करायला मला जमणार नाही. जुलैत कुरुंदवाडच्या घरात मामा एकटे असताना त्यांच्या छातीत कळ आली आणि ते ओसरीवर पडले. मुकादम भुंकत शेजाऱ्यांच्या दारात गेला, परत आला, परत गेला. शेजाऱ्यांनी शेवटी कंटाळून येऊन बघितलं. मामांना दोन स्टेंट पडले आणि डॉक्टरांनी सांगितलं की यापुढं यांना एकटं ठेवायचं नाही. त्या दिवशी मुकादम किती मिनिटं भुंकला याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

बैठकीनंतर माझ्या बायकोनं, संयोगितानं, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "आप्पा तिकडं एकटे गेले तर मी त्यांच्या मागोमाग जाणार," ती म्हणाली. "मग तुम्ही आणि तुमची लिफ्ट."

लिफ्ट माझी नाही, ती सोसायटीची आहे.

त्या आठवड्यात इमारतीतल्या बारांपैकी नऊ फ्लॅटमधून सल्ले आले. कापसाचे बोळे कानात घाला, असा एक. काळा दोरा बांधा, असा एक. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं की वर्गात दंगा करणाऱ्यालाच मॉनिटर करावं. यावर मी दोन दिवस विचार केला. नाव आधीच मुकादम असल्यानं तो प्रयोग कुरुंदवाडलाच होऊन गेलेला आहे, हे नंतर ध्यानात आलं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी पुण्याच्या दीप्ती नावाच्या प्रशिक्षिकेचा नंबर दिला. या बाई शहरातल्या गजबजाटात कुत्र्यांना शांत राहायला शिकवतात आणि ते फोनवरून, चेहरा दाखवून शिकवतात. त्यांची पद्धत मला पहिल्या ऐकण्यातच पटली, कारण तिच्यात तक्ता होता. कुत्रा ज्या आवाजांना बिचकतो त्यांची यादी करायची. प्रत्येक आवाज ध्वनिमुद्रित करायचा. तो अगदी हलका लावायचा आणि कुत्रा शांत असतानाच त्याला खाऊ द्यायचा. रोज आवाज एक घर वाढवायचा. बिचकला तर एक घर मागं यायचं.

"घाई करायची नाही, सर," दीप्ती म्हणाल्या. "आवाज आला की चांगलं काहीतरी होतं, एवढंच त्याला कळू द्या."

मी यादी केली. लिफ्ट, कुकर, हॉर्न, मिक्सर, फटाके, घंटागाडीचं गाणं आणि मगदूम. सात आवाज मुद्रित केले. मगदूमांचा आवाज घेण्यासाठी त्यांना पाण्याच्या टाकीबद्दल एक प्रश्न विचारावा लागला, त्यातून अकरा मिनिटांचा मजकूर मिळाला.

पहिले चार दिवस उत्तम गेले. पाचव्या दिवशी कुकरची शिट्टी मी तक्त्याप्रमाणे चौथ्या घरावर नेली. दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी तीन शिट्ट्या लावल्या. मुकादमनं कान हलवला, पण तोंड उघडलं नाही. मी त्याला चिक्कीचा तुकडा दिला आणि तक्त्यावर बरोबरची खूण केली.

नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावर अनुजावहिनींनी तूरडाळीचा कुकर लावलेला होता आणि त्या बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत शिट्ट्या मोजत होत्या. त्यांच्या कुकरची एक झाली होती. माझ्या तीन मिळून चार झाल्या. त्यांनी गॅस बंद केला. त्या दिवशी त्यांच्याकडं मुलीला बघायला जयसिंगपूरची मंडळी आलेली होती. आमटी वाढली गेली. डाळ दाताखाली आली. मंडळींनी मुलगी पसंत असल्याचं कळवलं, पण आमटीबद्दल मुलाच्या आत्यांनी जिन्यात जे वाक्य उच्चारलं ते अनुजावहिनींच्या कानावर गेलं.

"मी वीस वर्षं आमटी करतोय," त्या आमच्या दारात येऊन म्हणाल्या. इकडं बायकाही असंच बोलतात. "आजवर एकानं नाव ठेवलं न्हाय. तुमच्या कुत्र्यानं माझी डाळ कच्ची ठेवली."

मी खुलासा केला की डाळ कुत्र्यानं कच्ची ठेवलेली नाही. ती मी कच्ची ठेवली. खुलाशाचा उपयोग झाला नाही. संध्याकाळी प्रसेनजीतांनी लेखी कळवलं की इमारतीत यापुढं कृत्रिम शिट्टी वाजवता येणार नाही. दीप्तीबाईंची पद्धत निर्दोष होती, हे मी इथं मुद्दाम नोंदवतो. तिच्यात शेजाऱ्यांचा रकाना नव्हता, इतकंच.

चाचणीला तीस दिवस उरले होते.

मामा रोज पहाटे दूध आणायला कट्ट्यावर जायचे. पिशवीतल्या दुधाला ते दूध म्हणत नाहीत. कोल्हापुरात ही सोय अजून आहे: चौकात म्हशी उभ्या असतात, तुमच्यासमोर धार काढून देतात, आणि माणसं तिथंच पेला तोंडाला लावून फेसाच्या मिशा पुसत कामाला जातात. त्या दिवशी मामा नेहमीपेक्षा तासभर उशिरा आले आणि चप्पल न काढताच म्हणाले, "पावणं, चला. मास्तर घावला."

मास्तरचं नाव केरबा. पंचगंगेच्या घाटाजवळ त्यांचा गोठा आहे. वय साठीच्या आसपास, आवाज खालचा, हातात नेहमी शेणाची पाटी किंवा चहाचा कप. चौकात त्यांच्या म्हशीला एसटी घासून जात होती, रिक्षावाला कानाशी हॉर्न दाबत होता, आणि म्हैस रवंथ करत होती. हे बघून मामांनी त्यांना विचारलं होतं की हिला शिकवलं कुणी.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक निघते. म्हशी भादरून, तेल लावून काळ्याभोर करतात, शिंगं रंगवतात, मोरपिसं आणि घुंगरू बांधतात. मग मालक पुंगळी काढलेली मोटारसायकल, म्हणजे सायलेन्सरच्या आतली नळी काढून कानठळ्या बसवणारी, पुढं पळवतो आणि त्याची म्हैस त्या आवाजामागं पळते. गर्दीतून, फटाक्यांतून, ढोलताशांतून. दहा गाड्या एकदम गरजत असल्या तरी आपल्या मालकाची गाडी ती ओळखते आणि तिथंच येऊन थांबते. हे शिकवायला वर्ष लागतं आणि शिकवणारे मोजके आहेत.

"म्हस शिकतीया," मामा म्हणाले, "मग मुकादम न शिकाय त्याला काय झालंय?"

केरबांनी मुकादमकडं बराच वेळ बघितलं. त्याचे दात बघितले, पाठ चाचपली. दुधाबद्दल काही विचारतील असं मला क्षणभर वाटलं.

"जनावर आवाजाला भीत न्हाय, पावणं," ते म्हणाले. "आवाज कुनाचा हाय त्ये कळंना, म्हनून भीतंय. वळखीचा करून द्या. आवाज म्हंजे आपला मानूस, एवढं डोस्क्यात बसलं की झालं."

मी मनात नोंद केली की हे दीप्तीबाईंच्या म्हणण्याशी शब्दशः जुळतं. फरक एवढाच, की त्या तळाच्या घरापासून वर जातात आणि केरबा वरच्या घरापासून सुरुवात करतात.

"गाडी कुनाची?" केरबांनी विचारलं.

"तुमची," मी म्हणालो.

"तसं चालत न्हाय. ज्याचं जनावर त्याची गाडी. नाहीतर उद्या माझ्या मागं येऊन माझ्या गोठ्यात बसंल."

मामांना डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली आहे. उरलो मी. माझी मोटारसायकल चौदा वर्षांची आहे आणि तिनं आजवर कुणाशी मोठ्यानं शब्द काढलेला नव्हता. केरबांच्या ओळखीच्या मेस्त्रीनं वीस मिनिटांत तिची पुंगळी काढली. पहिल्यांदा किक मारली तेव्हा मी स्वतःच गाडीवरून उतरलो.

इथं एक गोष्ट लपवून ठेवणं योग्य होणार नाही. आमचं दैनिक मे महिन्यापासून पुंगळी काढलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम चालवत होतं. मोहिमेचे सोळा भाग झाले होते. त्यांपैकी अकरांचे मथळे मी दिले होते.

पहिल्या दिवशी घाटाच्या रस्त्यावर मी गाडी गरजवली आणि मुकादम म्हशीच्या गव्हाणीखाली गेला तो चाळीस मिनिटं बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी पंचवीस मिनिटं. मामा पालथ्या बादलीवर बसून राहायचे आणि दर गरजण्याला भाकरीचा एक तुकडा गव्हाणीखाली सरकवायचे. पाचव्या दिवशी मुकादमचं नाक बाहेर आलं. सातव्या दिवशी तो पूर्ण आला आणि मामांच्या पायाशी बसला. नवव्या दिवशी मी गाडी पुढं घेतली आणि आरशात बघितलं, तर तो मागून येत होता. भुंकत नव्हता. शेपूट ताठ नव्हतं की पोटात नव्हतं. सरीच्या टोकाला चालला असावा तसा चालत होता. त्याच्या मागं दोन म्हशी होत्या, त्या आपणहून सामील झाल्या होत्या.

मी त्या क्षणी फार समाधानी होतो. एक पन्नाशीचा, चष्मा लावणारा, रक्तदाबाची सुरुवात असलेला माणूस पहाटेच्या वेळी कोल्हापूरच्या रस्त्यावर कानठळ्या बसवत चालला होता आणि त्याच्या मागं एक कुत्रा आणि दोन म्हशी शिस्तीत चालत होत्या. मला हे कुणी बघू नये असंही वाटत होतं.

ते वाहतूक पोलिसांनी बघितलं. मंगळवार, ७ ऑक्टोबर, सकाळी सात वाजून पंधरा मिनिटं. विशेष मोहीम सुरू होती. ती आमच्याच वृत्तमालिकेची दखल घेऊन सुरू झाली होती, असं आम्ही आदल्या दिवशी पहिल्या पानावर छापलं होतं.

"काका, वय काय तुमचं?" हवालदारांनी विचारलं.

"बावन्न."

"पोराची गाडी हाय?"

"माझीच."

"आनि ही जनावरं?"

"कुत्रा सासऱ्यांचा आहे. म्हशींचा आणि माझा संबंध नाही."

हवालदारांनी म्हशींकडं बघितलं. म्हशी माझ्याकडं बघत होत्या. "संबंध दिसतोय की," ते म्हणाले आणि पावती फाडली. सायलेन्सर जागेवरच खोलून जप्त झाला. गाडी ढकलत घरी जाताना मुकादम माझ्या शेजारून चालला. गाडी गप्प का आहे, हे त्याला कळत नसावं. तो वारंवार वर बघत होता.

शुक्रवारी दुपारी मी कामावर असताना छायाचित्र आलं. जप्त केलेले बासष्ट सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोडरोलर फिरवला जात होता. फोटोओळ लिहायची पाळी माझी होती. मी लिहिलं: 'हुल्लडबाजांना चाप. शहरात शुक्रवारी जप्त सायलेन्सर नष्ट करताना.' डावीकडून तिसरा माझा होता. त्याच्यावर रंगाचा ओघळ आहे, दार रंगवताना पडलेला, म्हणून ओळखला. 'हुल्लडबाजांना' हा शब्द मी काढला, पुन्हा घातला, आणि पान सोडलं. आपला संबंध असलेल्या बातमीत हस्तक्षेप करू नये, असा संकेत आहे.

पुढं केरबांनी कुठूनतरी एक जुना सायलेन्सर आणून बसवला आणि आम्ही रस्ता सोडून घाटाच्या मोकळ्या पट्टीवर शिकवणी चालू ठेवली. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मुकादम लिफ्टला बघत नव्हता. मगदूम जिन्यात बोलायला लागले की जांभई देत होता. घंटागाडीच्या गाण्यात त्याला झोप लागत होती. मामाही बदलले होते. गोठ्यावर केरबांच्या दोन म्हशींच्या धारा तेच काढायला लागले होते. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या म्हशी विकल्यापासून त्यांनी आचळाला हात लावला नव्हता. बोटं विसरली नव्हती.

"तुझ्या आप्पांचा रक्तदाब बघितलास?" मी संयोगिताला विचारलं. सलग आठ दिवसांचे आकडे मी लिहून ठेवले होते.

"मी आप्पांकडं बघते," ती म्हणाली. "आकडे तुम्ही बघा."

एक गोष्ट मात्र बिनसली होती आणि ती आम्ही कुणाला सांगितली नाही. मुकादमला आता शांतता सहन होत नव्हती. दुपारी दोन ते चार कोल्हापूर झोपतं. कुकर नाही, हॉर्न नाही, लिफ्ट थांबलेली. ही शांतता सुरू झाली की तो उठून या खोलीतून त्या खोलीत फिरायचा, दार हुंगायचा आणि दोन-तीन मिनिटांत मान वर करून असा सूर लावायचा की भुंकणं परवडलं. मग मामा घशातून मोटारसायकलचा आवाज काढायचे. बहात्तर वर्षांचा, हृदयात दोन स्टेंट असलेला माणूस पलंगावर पडून गाडी गरजवायचा आणि कुत्रा झोपायचा.

दीप्तीबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सर, त्याला वाटतंय की आवाज गेला म्हणजे माणूस गेला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "म्हैस म्हणालात ना तुम्ही?"

चाचणीच्या आदल्या आठवड्यात प्रसेनजीतांनी प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मागितलं. केरबांनी ते तासाभरात दिलं. त्यांच्या तालमीकडं, म्हणजे पेठेतल्या मंडळाकडं, म्हशींच्या स्पर्धेची छापील प्रमाणपत्रं शिल्लक होती. 'सदर म्हैस गर्दीत, गोंगाटात व फटाक्यांत न बिचकता मालकाची आज्ञा पाळते' यातली 'म्हैस' खोडून वर 'कुत्रा' लिहिलं होतं. खाली शिंगांचा आकार या रकान्यात 'लागू नाही' होतं.

"खाडाखोडीवर सही नाही," प्रसेनजीत म्हणाले.

केरबांना पुन्हा बोलावून सही घेतली. प्रसेनजीतांनी प्रमाणपत्र दाखल करून घेतलं आणि चाचणीचं वेळापत्रक दिलं. लिफ्ट. कुकर. हॉर्न. फटाके. पाचवी बाब: संपूर्ण शांततेत पाच मिनिटं बसणे.

"ही शेवटची कशासाठी?" मी विचारलं. माझा आवाज नेहमीसारखा असावा.

"आवाजात शांत राहिला तर तो शांत आहे की दबलाय, कळणार कसं?" ते म्हणाले. "शांततेतही शांत राहिला पाहिजे." यात खोट काढता येत नव्हती. मी चार दिवस प्रयत्न केला.

बुधवार, २२ ऑक्टोबर, सकाळी दहा. पार्किंगमध्ये सतरंजी टाकली होती. मधोमध मुकादम, शेजारी खुर्चीवर मामा, नवा सदरा घातलेले. त्यांच्या मागं संयोगिता उभी होती आणि तिनं खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. मगदूम परीक्षक म्हणून समोर बसले. त्यांना भुंकणं ऐकू येणार नसल्यानं कुत्र्याचं तोंड हललं तर ते धरायचं, असं ठरलं होतं, आणि ते पापणी न लववता तोंडाकडं बघत होते.

लिफ्ट नऊ वेळा वर-खाली झाली. मुकादम बसून होता. अनुजावहिनींनी शेगडीसकट कुकर खाली आणला आणि तीन शिट्ट्या दिल्या. या वेळी शिट्ट्या दोन माणसांनी मोजल्या. मगदूमांनी स्वतःच्या गाडीचा हॉर्न दाबून धरला, तो शेजारच्या इमारतीतून कुणीतरी शिवी देईपर्यंत. लवंगी फटाक्यांची माळ लागली, धूर झाला, मुख्याध्यापक खोकले. मुकादमनं एकदा मामांकडं बघितलं आणि पुढच्या पायांवर हनुवटी टेकवली.

"चारही बाबी उत्तीर्ण," प्रसेनजीत म्हणाले. ते प्रामाणिक माणूस आहेत आणि त्यांना आनंद झालेला दिसत होता. "आता पाचवी. कुणी बोलू नये."

त्यांनी घड्याळ दाबलं.

तीस मुलामाणसं एकदम गप्प झाली. एक मिनिट झालं. मुकादमनं मान उचलली. सव्वा मिनिटाला तो उभा राहिला आणि मामांच्या गुडघ्याला नाक लावलं. मामांनी घसा साफ केला, प्रसेनजीतांनी बोट वर केलं, मामा थांबले. दीड मिनिटाला मुकादमनं मान वर केली. मी त्याचा गळा फुगताना बघितला. संयोगितानं डोळे मिटून घेतले.

एक मिनिट चाळीस सेकंदांनी कोपऱ्यावरून पहिली गाडी वळली. तिच्या मागं दुसरी, मग पाच-सहा, सगळ्या पुंगळ्या काढलेल्या, आणि त्यांच्या मागं रंगवलेल्या शिंगांच्या, मोरपिसं डुलवणाऱ्या म्हशी. पाडव्याची मिरवणूक आमच्या फाटकासमोरून चालली होती. पुढच्या गाडीवर केरबा होते. त्यांनी आमच्याकडं बघितलंही नाही, त्यांचं लक्ष मागच्या म्हशीवर होतं.

मुकादमचा गळा खाली बसला. तो सतरंजीवरून उतरला, फाटकातून बाहेर गेला आणि दोन म्हशींच्या मधली मोकळी जागा बघून तिथं चालायला लागला. त्यानं तोंड उघडलं नव्हतं. मामा उठले, सदरा खाली ओढला आणि त्याच्या मागं गेले. संयोगितानं "आप्पा" म्हणून हाक मारली, ती त्या आवाजात मलाही नीट ऐकू आली नाही. मगदूमांचा चेहरा मात्र उजळला. तीन वर्षांत त्यांना एवढं स्पष्ट काही ऐकू आलं नव्हतं.

मिरवणूक गेल्यावर प्रसेनजीतांनी घड्याळाकडं बघितलं. "परीक्षार्थी दोन मिनिटं दहा सेकंदांनी स्थळ सोडून गेला," ते म्हणाले. "भुंकला नाही, म्हणून अनुत्तीर्ण म्हणता येत नाही. पाच मिनिटं बसला नाही, म्हणून उत्तीर्णही म्हणता येत नाही."

"मग काय म्हनायचं?" मगदूमांनी विचारलं.

"प्रलंबित."

पुढच्या बैठकीला चौदा दिवसांची नोटीस लागते. ती निघाली आहे.

मामा त्या दिवशी घरी आले नाहीत. संध्याकाळी मी गोठ्यावर गेलो तेव्हा ते बाजेवर बसून म्हशीच्या शिंगावरचा रंग पुसत होते आणि मुकादम बाजेखाली झोपला होता. बाहेर चार गाड्या गरजत होत्या. चला म्हटल्यावर ते म्हणाले, "निकाल लागू दे की. निकाल लागायच्या आदी घरात घेऊन ऱ्हायलो तर प्रसेनजीतराव म्हन्तील निकाल दाबून घेतला." राहणार किती दिवस, कुरुंदवाडला तर जाणार नाही ना, हे दोन प्रश्न मी विचारले. पहिल्यावर ते म्हणाले, बघू. दुसऱ्यावर त्यांनी शिंगाचा रंग पुन्हा पुसायला घेतला. एकटे मात्र नव्हते. केरबांच्या घरची सात माणसं आणि अकरा म्हशी तिथं होत्या. डॉक्टरांच्या सूचनेत म्हशींचा उल्लेख नाही.

आज रविवार, २६ ऑक्टोबर. संयोगिता सकाळी सहा वाजता डबा आणि गोळ्या घेऊन गोठ्यावर गेली. गेले तीन दिवस ती पावणेसातपर्यंत परत येत होती. आठ वाजता मी फोन केला. तिचा फोन केरबांनी उचलला. मागं कुणीतरी गाडी तापवत होतं, त्यामुळं सगळं नीट कळलं नाही. एवढं कळलं की मामांनी गोळी घेतली आहे, मुकादम धार काढायच्या जागी बसून आहे, आणि वैनी, म्हणजे संयोगिता, चपला काढून बाजेवर बसल्यात.

"उठवू काय?" केरबांनी विचारलं.

मी नको म्हणालो. आता सव्वानऊ झाले आहेत.